पडणाऱ्यालाही पैसे द्या

रोडिओतल्या बुल रायडिंगचं रील आलं की खाली ठरलेल्या दोन कमेंट्स: ‘काय जिगर आहे!’ किंवा ‘बिचारा बैल’. बैलाच्या बाजूने बोलायला माणसं आहेत. वर बसलेल्या पोराच्या बाजूने कोण बोलतं?

आधी खेळ बघा. लोखंडी फाटकाआड सातआठशे किलोच्या बैलावर बसायचं, मोजा घातलेला एक हात दोरात आवळायचा आणि मान हलवायची. फाटक उघडतं. मोकळा हात बैलाला किंवा स्वतःला लागला की बाद. आठ सेकंद टिकलात तर 100 पैकी गुण, त्यातले निम्मे बैल किती उधळला याचे. म्हणजे बैल जितका भयंकर तितका तुमचा फायदा. आणि 7.9 सेकंदांना पडलात तर शून्य. पारंपरिक रोडिओत प्रवेश फी आपल्या खिशातून, प्रवास आपल्या खिशातून, आणि शून्यावर बक्षीसही शून्य.

मग बरगडी मोडलेला, डोकं गरगरणारा पोरगा पुढच्या आठवड्यात परत चढणार नाही तर काय करेल? तिथे याला ‘काउबॉय अप’ म्हणतात. मी याला बिनपगारी आजारपण म्हणतो. (आयटीतही तापात जागून सर्व्हर उठवणाऱ्यालाच टाळ्या मिळतात. पण महिन्याचा पगार येतो, आणि सर्व्हरला शिंगं नसतात.)

लेन फ्रॉस्ट 1989 साली शायेनला आठ सेकंद पूर्ण करून उतरला, मग बैलाने त्याला मारलं. त्यानंतर त्याचा मित्र कोडी लॅम्बर्टने संरक्षक जाकीट तयार केलं. मेसन लोव 2019 साली डेन्व्हरला तसं जाकीट घालूनच गेला. कॅनडाच्या टाय पॉझोबॉनने 2017 साली आत्महत्या केली. डोक्याला वारंवार मार बसून होणारा सीटीई हा आजार त्याच्या मेंदूत सापडला. तिघेही 25 वर्षांचे.

पीबीआर या बड्या संघटनेने हेल्मेट सक्तीचं केलं, पण 15 ऑक्टोबर 1994 पासून पुढे जन्मलेल्यांनाच. आधी जन्मलेल्यांची कवटी जाड असते का?

‘त्यांनी स्वतः निवडलंय’ म्हणाल. मान्य. त्या आठ सेकंदांची नशा खरी असणारच, आणि मला बंदी नकोय. पण प्रेक्षक तिकीट काढतो ते पडणं बघायलाही. तिसऱ्या सेकंदाला हवेत उडालेल्या पोरानेही स्टेडियमला श्वास रोखायला लावलेला असतो. बक्षीस जिंकणाऱ्यालाच द्या. पण बैलावर चढण्याचे पैसे प्रत्येकाला द्या, आणि डॉक्टर ‘नाही’ म्हणाला तर घरी बसण्याचेही.