हळहळ नको, राग हवा

हंगामाच्या अखेरीस हाताशी आलेले गमावणे म्हणजे काय, हे गोंदिया जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. धान कापून झालेले असते, कडपा बांधीत पसरलेल्या असतात, आणि चुरणे होण्याआधीच अवकाळी पाऊस सारे भिजवून जातो. अशा वेळी शेजारी येऊन बसतो आणि हळहळतो. त्या हळहळीला अर्थ असतो, कारण आभाळाला जाब विचारता येत नाही. विदर्भाच्या क्रिकेट संघाच्या पराभवांवरही आम्ही वर्षानुवर्षे असेच हळहळत आलो. ही आमची चूक होती, असे आता प्रांजळपणे वाटते.

वानगीदाखल मार्च २०२४ मधला रणजी करंडकाचा अंतिम सामना घेऊ. वानखेडे मैदानावर पहिल्याच दिवशी मुंबईचे सहा गडी १११ धावांत तंबूत परतले होते. शार्दूल ठाकूरच्या ७५ धावांमुळे त्यांचा डाव २२४ पर्यंत पोहोचला. तरीही सामना तोवर आमच्या हातून गेलेला नव्हता. तो गेला आमच्या पहिल्या डावात, जो अवघ्या १०५ धावांत आटोपला. शेवटी लक्ष्य समोर आले ते ५३८ धावांचे. पाचव्या दिवशी कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी सकाळचे संपूर्ण सत्र एकही गडी न गमावता खेळून काढले. वाडकरचे शतक झाले, धावफलक ५ बाद ३५३ वर गेला, आणि अशक्य ते क्षणभर शक्य वाटू लागले. मग उरलेले पाच गडी १५ धावांत बाद झाले. पराभव १६९ धावांनी.

त्या संध्याकाळी आमच्या तोंडी एकच शब्द होता : झुंज. मराठी वाचकाला या शब्दाचे आकर्षण जुने आहे. पानिपतापासून आपण पराभवात भव्यता शोधत आलो आहोत, आणि आपल्या साहित्यानेही ती सवय पुष्कळ जोपासली आहे. पण शोकांतिका शिकवणाऱ्यांना ठाऊक असते की, नायकाचे पतन त्याच्या प्रमादातून घडते. प्रमादाकडे डोळेझाक केली की शोकांतिकेची केवळ भावुकता होते. आम्ही नेमके हेच केले. पाचव्या अंकात रडलो, आणि दुसऱ्या अंकातला प्रमाद, म्हणजे त्या १०५ धावा, विसरून गेलो.

या विसरण्याला एक प्रादेशिक कारणही आहे. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. पहिला अंतिम सामना त्याने गाठला तो २०१७-१८ च्या हंगामात. मधल्या साठ वर्षांत आम्हाला अपेक्षा ठेवण्याची सवयच उरली नव्हती. क्रिकेटविषयीही आम्ही अनुशेषाच्याच भाषेत बोलत असू : साधने कमी, संधी कमी, म्हणून जे मिळाले ते पुष्कळ. पण इंदूरला दिल्लीला आणि पुढच्या हंगामात नागपूरला सौराष्ट्राला नमवून सलग दोनदा करंडक जिंकणाऱ्या संघाला ही सवलत देणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय. सवलत दुबळ्याला देतात. बरोबरीच्या माणसाला जाब विचारतात.

जाब विचारल्याने काही साधते का? आमचा राग संघाच्या कानी गेला, असा दावा आम्ही करणार नाही. पण पुढच्या हंगामाने दुरुस्तीची जागा दाखवून दिली. जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारे करंडकाचा अंतिम सामना कर्नाटकाविरुद्ध ३६ धावांनी गेला, आणि आम्ही पुन्हा हळहळीच्या उंबरठ्यावर आलो. मात्र फेब्रुवारीत नागपूरला रणजीच्या उपांत्य सामन्यात मुंबईवर ८० धावांनी मात झाली. त्यानंतर केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात दानिश मालेवारच्या १५३ धावांच्या आधारे पहिल्या डावात ३७९ धावा उभ्या राहिल्या. सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीने करंडक आमच्याकडे आला. म्हणजे जिथे चुकले होते, तिथेच सुधारले गेले.

हा संघ पुन्हा कधीतरी हंगामाच्या शेवटी कोसळेल, खेळच तो. तेव्हा आम्ही झुंजीचे गोडवे गाणार नाही. पहिल्या डावाचा धावफलक काढून बसू, आणि रागावू. आभाळासाठी राखून ठेवलेली हळहळ आपल्या माणसांवर उधळू नये, इतकेच आमचे म्हणणे.