स्वस्त गोळी, महाग निदान

सायंकाळी औषधांच्या कोणत्याही दुकानापाशी दहा मिनिटे उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. कोणी येतो, ताप आणि घसादुखीची तक्रार सांगतो आणि दुकानदार पट्टीतून चार-सहा गोळ्या कात्रीने कापून देतो. गिऱ्हाईकाचे पैसे वाचतात, दुकानदाराची विक्री होते. दोन्ही पक्ष संतुष्ट असा हा सौदा अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात शोभावा. तथापि त्या कापलेल्या पट्टीची खरी किंमत एखादा तिसराच इसम मोजणार असतो, आणि तो त्या वेळी दुकानात हजर नसतो.

प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात. सर्दी-पडसे वा फ्लू यांसारख्या विषाणुजन्य विकारांत त्यांचा काडीचा उपयोग होत नाही. ती विनाकारण किंवा अपुऱ्या मात्रेत घेतली की औषधाला न जुमानणारे जीवाणू तेवढे मागे उरतात, फोफावतात आणि एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात जातात. अपुऱ्या मात्रेच्या या धोक्याचा इशारा खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानात दिला होता. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा प्रतिकारक्षम जीवाणूंमुळे झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ साली प्रसिद्ध केला. खासगी लाभ आणि सामाजिक खर्च यांतील तफावत शिकविताना आम्ही वर्गात गिरणीच्या धुराड्याचे उदाहरण देतो. धूर निदान डोळ्यांना दिसतो!

कायदा नाही, असे मुळीच नाही. चिठ्ठीवाचून ही औषधे विकण्यास मनाई आहेच. शिवाय २०१४ पासून ‘एच-१’ या परिशिष्टातील प्रतिजैविकांसाठी वेगळी वही ठेवून, डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा यांची नोंद तीन वर्षे जपण्याचे बंधन विक्रेत्यांवर आहे. मग कात्री का थांबत नाही? निरीक्षक अपुरे हे उत्तर खरे, पण अर्धवट. उरलेले उत्तर किमतींत आहे.

२०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशान्वये अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती ठरविल्या जातात. हे धोरण योग्यच आहे. सामान्यांना परवडणारे पेनिसिलिन देशातच बनावे, याच हेतूने १९५४ साली पिंपरीचा सरकारी कारखाना स्थापन झाला होता. परंतु गोळी स्वस्त झाली, निदान मात्र महागच राहिले. डॉक्टरांची फी, रक्त-लघवीची तपासणी आणि पुन्हा भेट हा सारा खर्च चार गोळ्यांच्या किमतीहून कितीतरी अधिक भरतो. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार व तपासण्या निःशुल्क झाल्या, हे खरे. तथापि तेथील रांगेत बुडणारी रोजी निःशुल्क नाही. केसपेपरसाठी अर्धा दिवस गमावण्यापेक्षा बांधकामावरचा मजूर कात्रीचा मार्ग पत्करतो, तो अडाणी म्हणून नव्हे. त्याचा हिशेब चोख असतो.

अडाणीपणा शोधायचाच, तर तो आपल्या मध्यमवर्गीय घरांतील टेबलाच्या खणात सापडेल. मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या तेथे जपून ठेवलेल्या असतात. मुलाची परीक्षा जवळ आली की त्या बाहेर निघतात, प्रसंगी शेजाऱ्यांकडेही जातात. एका आजाराची गोळी दुसऱ्याला चालतेच असे नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याच्या ती जिवावर बेतू शकते. म्हणून पूर्वी कधी पुरळ वा सूज आली असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. गोळी घेतल्यावर श्वास लागला किंवा ओठ-चेहरा सुजला, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. डॉक्सिसायक्लिन वा सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुधाबरोबर किंवा आम्लपित्ताच्या औषधाबरोबर घेतल्यास त्याचे शोषण घटते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. आणि बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. फुप्फुसदाहाच्या साध्या रुग्णाला कधी पाच दिवस पुरतात, तर क्षयरोगाला अनेक महिने लागतात. ही मुदत ठरविणे डॉक्टरांचे काम आहे.

नवी औषधे येतीलच, या भरवशावर राहण्यातही अर्थ नाही. अमेरिकेतील अकाओजेन या कंपनीच्या नव्या प्रतिजैविकाला २०१८ साली मान्यता मिळाली आणि २०१९ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. जे औषध राखून, कमीत कमी वापरायचे, त्याच्या विक्रीवर कारखाना कसा चालावा? बाजारपेठेच्या नियमांकडे याचे उत्तर नाही.

तेव्हा निदानाची किंमत उतरविणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो, आणि त्या किमतीत रुग्णाचा वेळही धरला पाहिजे. मुंबईत २०२२ साली सायंकाळी उघडे राहणारे ‘आपला दवाखाना’ सुरू झाले, त्यामागील विचार अचूक होता. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आणि प्रयोगशाळा रात्री आठपर्यंत चालविण्यास नवा कायदा लागत नाही. एक जादा डॉक्टर, एक तंत्रज्ञ आणि त्यांच्या वेतनाची अंदाजपत्रकात तरतूद लागते.