स्वावलंबनास गिऱ्हाईक हवे

गरजू मनुष्यास दोन उपदेश आपल्याकडे फुकट मिळतात. एक 'काम कर' आणि दुसरा 'स्वतःच्या पायांवर उभा राहा'. हे उपदेश खोटे आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु काम करू इच्छिणारास काम कोणी द्यावयाचे, आणि त्याने दुकान मांडल्यास तेथे माल घ्यावयास कोणी जावयाचे, हा प्रश्न उपदेशक स्वतःस सहसा विचारीत नाहीत. करवीरनगरीस तरी या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असावयास हवे.

गंगाराम कांबळे हे श्री शाहू छत्रपतींच्या पदरी नोकर होते. स्पृश्यांच्या पाण्यास शिवल्याच्या आरोपावरून त्यांस मारहाण झाली. महाराजांनी त्यांस नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंद्यास उत्तेजन दिले, आणि भाऊसिंगजी रोडवर त्यांचे चहाचे दुकान निघाले. जागा होती, भांडवल होते, कष्टाची तयारी होती. नव्हते ते फक्त गिऱ्हाईक. अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले व बरोबरच्या मंडळींसही पाजू लागले. सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम त्यांनी 1919 मध्ये काढलेच होते. पण हुकूम दप्तरात पडून राहू शकतो, समोर आलेला पेला मात्र घ्यावा तरी लागतो किंवा नाकारावा तरी लागतो.

महाराजांचे सारे धोरण याच जातीचे होते. 26 जुलै 1902 च्या हुकुमाने त्यांनी संस्थानच्या नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. आणि त्या जागांस लायक माणसे तयार व्हावीत म्हणून 1901 पासून वसतिगृहांस आश्रय दिला. लायकीची अट घालणाराने लायक होण्याची सोयही केली पाहिजे, हा त्यातील न्याय होय.

तोच न्याय आज अपंग बंधुभगिनींस लावला पाहिजे. नसीमा हुरझूक यांनी 1984 मध्ये याच शहरात 'हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड' ही संस्था काढून शिक्षण, निवास व रोजगार यांची सांगड घातली. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांस निदान शेकडा 4 जागा ठेविल्या आहेत. पण शाहूपुरीची पेढी किंवा गुजरीचे दुकान त्या हिश्शाने बांधलेले नाही. तेथे प्रश्न मालकाच्या विवेकाचा आहे.

'व्यापार म्हणजे धर्मशाळा नव्हे,' असे आमचे व्यापारी मित्र म्हणतील. अगदी बरोबर! वाईट माल घ्या किंवा न केलेल्या कामाचा पगार द्या, असे आम्ही सुचवीत नाही. दुकानाच्या तीन पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीस चढेल असा उतार असावा. हिशेब लिहिणारा निवडताना त्याचे पाय न पाहता त्याचे अक्षर व बेरीज पाहावी. आणि गरजूच्या हातचा माल चांगला असेल तर तो दयेने एकदा न घेता व्यवहार म्हणून दरमहा घ्यावा, एवढेच आमचे मागणे आहे. सणासुदीस दान देऊन फोटो काढणे सोपे असते; परंतु त्या दानाने घेणाराचा हात पुढील वर्षीही पसरलेलाच राहतो. ज्यास आपण काम देतो व ज्याचा माल घेतो, त्याच्याशी मात्र आपले नाते बरोबरीचे होते. आपल्या शहरात हे नाते वाढवावयाचे की नाही, याचा निर्णय प्रत्येक दुकानदाराने आपल्या गल्ल्यावर बसून करावयाचा आहे.