उपवासाची खिचडी आणि वादाची रीत

आषाढी एकादशी तोंडावर आली की महाराष्ट्रात एक वाद न चुकता उभा राहतो. उपवासाला साबुदाणा चालतो का? सकाळच्या फेरीनंतर बागेतल्या बाकावर टेकलेले निवृत्त गृहस्थ, लोकलच्या डब्यातील नेहमीचा चमू, कार्यालयात डबे उघडून बसलेली मंडळी, लग्नघरी पंगतीची वाट पाहणारे नातेवाईक. विषय कोणी काढला हे कोणालाच सांगता येत नाही, परंतु मत मात्र प्रत्येकाकडे तयार असते. एक जण सांगतो, साबुदाणा परदेशी आहे, शास्त्रांत त्याचे नावही नाही, मग तो उपवासाला कसा चालावा? दुसरा उसळून विचारतो, आमच्या आजीने जन्मभर खाल्ला, तिच्यापेक्षा तुम्ही अधिक धार्मिक काय? तिसरा ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण फेकतो आणि उपवास हेच थोतांड असल्याचा निवाडा देऊन मोकळा होतो. अर्ध्या तासात आवाज चढतात. साबुदाण्याविषयी कोणाच्याही ज्ञानात तीळभर भर पडलेली नसते. कोण कोणत्या गोटातला, एवढेच काय ते उघड झालेले असते.

विषय किरकोळ आहे, हसून सोडून द्यावा, असे कोणी म्हणेल. परंतु समाजाला विचार करण्याची सवय लागते ती किरकोळ विषयांतच. निवडणूक पाच वर्षांनी येते; एकादशी दर पंधरवड्याला. बाकावर बसून खिचडीविषयी ज्याला नीट वाद घालता येत नाही, तो धरण, आरक्षण किंवा शिक्षणाचे माध्यम या विषयांवर नीट वाद घालील, अशी अपेक्षा कशाच्या आधारावर करावी?

आधी साबुदाण्याचे पाहू. ‘परदेशी’ हा आक्षेप वस्तुस्थिती म्हणून खरा आहे. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातील सागो नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून होतो, आणि त्याचे नावही मलाय भाषेतील ‘सागू’वरून आले. आज महाराष्ट्रात मिळणारा साबुदाणा मात्र या झाडाचा नाही. तो कसाव्हा अथवा टॅपिओका या कंदाच्या पिष्टापासून बनतो. हा कंद दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांमार्फत तो केरळात आला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी आपल्या १८८० ते १८८५ या अवघ्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. पुढे १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तेथून येणारा तांदूळ थांबला, तेव्हा त्रावणकोरच्या गोरगरिबांच्या पोटाला याच परदेशी कंदाने आधार दिला. त्याच महायुद्धात मलायातून येणारा सागो बंद झाल्यामुळे तमिळनाडूतील सेलम परिसरात टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. तेथील उत्पादकांची सहकारी संस्था १९८१ साली स्थापन झाली, आणि सेलमच्या मालाचा मोठा ग्राहक महाराष्ट्र आहे.

तथापि ‘परदेशी’ हीच कसोटी धरायची तर ती साबुदाण्याशी थांबत नाही. खिचडीतले शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. बटाटा तिथलाच, मराठीने तर त्याचे पोर्तुगीज नावसुद्धा जपून ठेवले आहे. हिरवी मिरची अमेरिकेतली, आणि साबुदाण्याला पर्याय म्हणून जे रताळे पुढे केले जाते तेही तिकडचेच. एवढे सारे वगळल्यावर कढईत तूप, जिरे आणि मीठ शिल्लक राहते. आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांच्या पानात मिरची निर्वेधपणे वाढली जाते, याचा अर्थ त्यांची खरी कसोटी ‘परदेशी’ ही नाहीच.

मग परंपरेची कसोटी कोणती? महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाचवा खंड लिहिताना व्रतांचा सविस्तर विचार केला आहे. एकादशीला मुख्यतः अन्नाचा, म्हणजे शिजवलेल्या धान्याचा त्याग सांगितला आहे. ज्याला निराहार झेपत नाही त्याच्यासाठी परंपरेने सवलती ठेवल्या. पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांनी व्रत मोडत नाही, गुरूच्या आज्ञेने घेतलेल्या पदार्थाने मोडत नाही, आणि औषधानेही मोडत नाही. प्रश्न पदार्थ कोठून आला हा नव्हता. तो धान्य आहे की नाही, हा होता. कसाव्हा कंद असल्यामुळे साबुदाणा या कसोटीला उतरतो. मौज अशी की जिच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही ती भगर मात्र वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तृणधान्यच आहे! रूढीने तिला आत घेतले आणि कोथिंबिरीला अनेक घरांत दाराबाहेर ठेवले. रूढीचा कारभार असाच चालतो; त्यात वावगे काही नाही, फक्त तिला शास्त्र म्हणून कोणी दुसऱ्याच्या अंगावर धावून जाऊ नये.

वाद कसा घालावा याचे शास्त्र या देशात फार पूर्वी तयार झाले. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांतले वाद, जल्प आणि वितंडा हे तीन बाकावरच्या चर्चेला थेट लागू पडतात. सत्य काय ते कळावे म्हणून दोघांनी मिळून केलेली चर्चा हा वाद. जिंकण्यासाठी केलेली ती जल्प. आणि स्वतःची काहीही बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची मोडणे ही वितंडा. म्हण फेकून निघून जाणारा तिसरा गृहस्थ स्वतःला विवेकवादी समजतो. न्यायशास्त्राच्या लेखी तो वैतंडिक आहे. माणसाने जिभेवर ताबा कसा मिळवावा, याविषयी त्याने स्वतःचे काही मांडलेलेच नसते, त्यामुळे त्याला काही सिद्धही करावे लागत नाही. परंतु परंपरेचा कैवार घेणारे दोघे तरी काय करतात? पहिल्याला मिरची दाखवली की तो ‘परदेशी’ हा मुद्दा सोडून ‘साबुदाणा प्रकृतीला वाईट’ या मुद्द्यावर उडी मारतो. हेतू बदलण्याच्या या चलाखीला न्यायशास्त्रात हेत्वंतर म्हणतात, आणि ज्या बावीस निग्रहस्थानांवर वादी पराभूत ठरतो त्यांत त्याची गणना आहे. दुसऱ्याने मध्येच आजीची धार्मिकता आणली. विषयाशी संबंध नसलेले बोलणे, म्हणजे अर्थांतर, हेही त्यांतलेच एक. ‘फलाहार म्हणता, मग साबुदाणा कोणत्या झाडाला लागतो?’ असे विचारून टाळी मिळवणाऱ्याने तर वाक्छल केले. ‘नव कंबल’ म्हणजे नवी घोंगडी असे म्हणणाऱ्याला ‘नऊ घोंगड्या कुठे आहेत?’ असे विचारण्याचा जो जुना दाखला ग्रंथांत येतो, त्याच जातीचे हे. शुल्क भरून वादविवादाचे परकीय तंत्र शिकवणाऱ्या वर्गांना मुले पाठवणाऱ्या पालकांना यांतले एकही नाव ठाऊक नसावे, हे दुर्दैव खरे; परंतु परंपरेचा अभिमान उच्चरवाने सांगणाऱ्यांनाही ते ठाऊक नसावे, हे त्याहून मोठे.

या गदारोळात हरवते काय, ते पाहिले पाहिजे. कोरड्या साबुदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे सत्त्याऐंशी ग्रॅम पिष्ट असते. प्रथिने एक ग्रॅमही नसतात. मधुमेह असलेल्या व्यक्तीने दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी वाटीभर खिचडी आणि वर बटाट्याचे पापड खाल्ले, तर रक्तातली साखर आधी खाली जाते आणि मग एकदम उसळते. कित्येक वृद्ध आणखी पुढे जातात. उपवास मोडेल या भीतीने त्या दिवशी गोळीच घेत नाहीत. ज्या परंपरेपोटी ते हे करतात, तिनेच औषधाला शतकानुशतके मोकळीक दिलेली आहे, हे त्यांना सांगायला त्या बाकावर कोणी नसते, कारण सारे जण कसाव्हाचे गोत्र शोधण्यात गुंतलेले असतात.

भगरीचेही तसेच. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, एकादशीच्या दिवशी, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यानंतर शेकडो भाविकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्या. झाडांना दोर बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या आणि उघड्यावर, जमिनीवर झोपवून माणसांवर उपचार झाले. महाशिवरात्र आणि नवरात्रातही अशा घटना महाराष्ट्रात पुनःपुन्हा घडल्या आहेत. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर, विशेषतः तिच्या पिठावर, अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि विषद्रव्ये निर्माण होतात. म्हणूनच अन्न व औषध प्रशासन सणांच्या आधी सूचना काढते, की भगर पाकीटबंद आणि मुदत पाहून घ्यावी, सुटे पीठ विकत आणू नये, निवडून-धुऊन लागेल तेवढेच घरी दळावे, शिजवलेली भगर फार वेळ ठेवू नये. या सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येतात. त्यांच्यावर वाद होत नाही, कारण त्यांच्यात गोट पाडण्याची सोय नाही.

साबुदाण्याविषयीही विचारण्याजोगा प्रश्न आहे, आणि तो त्याच्या जन्मभूमीचा नव्हे. ‘कंद कुजवून, पायांनी तुडवून करतात’ अशी एक हकीकत कानोकानी फिरत असते. वास्तविक कंद सोलून, वाटून, त्याचे दूध गाळून टाक्यांत निवळू देतात, खाली बसलेल्या ओल्या पिष्टाचे गोळे करतात, ते भाजतात किंवा वाफवतात आणि वाळवतात. मात्र पांढरेपणा यावा म्हणून रसायने वापरल्याच्या तक्रारींवरून सेलममध्ये अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी कारवाया केलेल्या आहेत, हेही खरे. दुकानात सर्वांत शुभ्र साबुदाणा शोधणारा ग्राहक या व्यवहाराला हातभार लावतो. किंचित मळकट दिसणाऱ्या साबुदाण्याला मागणी आली तर सेलमपर्यंत ते पोचायला वेळ लागणार नाही.

चरकाने विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्यांच्या आपसांतील चर्चेचे नियम दिले आहेत. न्यायसूत्रांप्रमाणे त्यांना तत्त्वज्ञानाची शाळा नको आहे; समोर रोगी आहे आणि त्याला बरे करायचे आहे. म्हणून तो चर्चेचे दोन प्रकार सांगतो, एक सलोख्याने करायची आणि एक झुंजीची. जो जाणता आहे, चिडत नाही, मत्सर करीत नाही, त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे, निःशंक विचारावे, हरण्याची भीती बाळगू नये, आणि तो हरला तर मिरवू नये. बागेतल्या बाकावर समोर रोगी नसतो असे वाटते, परंतु तो बहुधा तिथेच बसलेला असतो. सकाळची गोळी न घेता आलेला, आणि परदेशी-स्वदेशीचा निकाल लागण्याची वाट पाहणारा.