‘आझाद व्हिसा’ कोणाला आझाद करतो?

आखाताची वाट आपल्या लोकांना नवी नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि महाड, म्हसळा, श्रीवर्धनपासून चिपळूण-रत्नागिरीपर्यंत घरटी एखादा तरी माणूस तिकडे गेला. आज भिवंडी-मालेगावचा मागवालाही मंदीला कंटाळून पासपोर्ट काढतो. जावे, रोजी कमवावी. आमची तक्रार आहे ती व्हिसा न वाचता विमानात बसण्याबद्दल, आणि त्यातही ‘आझाद व्हिसा’ या नावाने चाललेल्या सौद्याबद्दल.

या नावाचा कोणताही व्हिसा सौदी अरेबियाच्या कायद्यात नाही. जो विकला जातो तो एखाद्या कफीलच्या नावावरचा नोकरीचा व्हिसा असतो. कागदावर माणूस त्याचा नोकर; प्रत्यक्षात कफील म्हणतो, हवे तिथे काम कर, मला वर्षाला ठरलेली रक्कम दे. सौदी कामगार कायद्याचे कलम ३९ नेमके याच गोष्टीला मनाई करते. मालकाने आपला माणूस दुसऱ्याकडे राबू द्यायचा नाही, आणि त्या माणसाने स्वतःचा धंदाही करायचा नाही. पकडला गेला तर मायदेशी रवानगी ठरलेली. कफीलची मर्जी फिरली आणि त्याने ‘हुरूब’ लावला, म्हणजे माणूस पळून गेल्याची नोंद केली, की इकामा असून नसल्यासारखाच. २०१३ साली तिथल्या सरकारने कागद दुरुस्त करण्यास ३ नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली व पुढे धरपकड केली, तेव्हा हजारो भारतीयांना परतावे लागले. त्यांत असे ‘आझाद’ पुष्कळ होते.

आता हिशेब पाहू. आपण व्यापारी माणसे, हिशेब आपल्याला लवकर कळतो. कंपनीच्या परदेशी कामगारावर सौदी सरकारने २०२० पासून दरमहा ७०० ते ८०० रियाल शुल्क ठेवले. कारखान्यांसारख्या काही आस्थापनांना त्यातून सूट आहे. इकाम्याच्या नूतनीकरणाचे वर्षाला ६५० रियाल वेगळे. ज्याला सूट नाही त्याचा हा खर्च वर्षाला नऊ ते सव्वादहा हजार रियाल होतो. कलम ४० प्रमाणे हा सगळा भार मालकाचा, शिवाय नोकरी संपल्यावर परतीचे तिकीटही त्याचेच. आझाद व्हिसावाला मात्र हे स्वतःच्या खिशातून भरतो, वर कफीलचा हप्ता. काम मिळाले नाही तो महिनाही त्याच्याच अंगावर.

मग हा सौदा चालतो कसा? याचे उत्तर आम्हास कटू वाटते. विकणारा बहुधा आपलाच असतो. कुणाचा मामू, कुणाचा गाववाला, ‘माझ्या ओळखीचा कफील आहे’ म्हणून लाखाच्या पुढचा आकडा सांगतो, आणि घरचे दागिने मोडतात. पावती मागणे म्हणजे नात्यावर अविश्वास, असे समजले जाते. भारत सरकारच्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, एवढेच घेता येतात, आणि तेही पावती देऊन. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी नसलेल्याने भरती करणे हा गुन्हा आहे, मग तो एजंट असो की मामू. आमच्या मते जमातीने अशा दलालीला ‘मदत’ म्हणणे आधी बंद करावे.

व्हिसाच्या कागदावर पेशा लिहिलेला असतो. अरबी अक्षरे आपल्या घराघरांत वाचता येतात, अर्थ तेवढा कुणाला तरी विचारावा. ‘सायक खास’ म्हणजे घरगुती ड्रायव्हर, ‘आमिल’ म्हणजे मजूर, ‘राई’ म्हणजे मेंढपाळ. हातात वेल्डिंगचे कसब आणि कागदावर मेंढपाळ, असे आपले कारागीर गेले आहेत! प्लंबर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक यांच्यासाठी सौदीने २०२२ च्या अखेरीस भारतातच कसबाची चाचणी सुरू केली. जो खरा कारागीर आहे त्याने चाचणी देऊन खऱ्या पेशावर जावे. मेंढपाळाच्या कागदावर कसबाची मजुरी मागता येत नाही.

दुबईकडे दुसरा प्रकार चालतो. ३० किंवा ६० दिवसांचा व्हिजिट व्हिसा काढून देतात आणि ‘तिथे गेलात की नोकरी’ असे सांगतात. तिथे मालक मिळाला तर व्हिसा बदलता येतो हे खरे, पण वर्क परमिट हाती येण्याआधी एक दिवस काम करणेही बेकायदा. मुदत उलटली की रोज ५० दिरहम दंड. परवान्याशिवाय माणूस ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीने एक लाख ते दहा लाख दिरहम दंड ठेवला आहे, त्यामुळे शहाणा दुकानदार अशाला दारात उभा करत नाही. अत्तर, खजूर किंवा कापड पाहायला, भाव ठरवायला जाणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हाच व्हिजिट व्हिसा पुरतो. माल तिथे बसून विकायचा असेल तर ट्रेड लायसन्स हवे.

ज्याची दहावी झालेली नाही त्याच्या पासपोर्टवर ईसीआर असते, आणि आखातातील सहाही देशांत नोकरीला जाताना त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. हे कार्यालय मुंबईत आहे. अर्ज ई-मायग्रेट संकेतस्थळावर होतो, नोंदणीकृत एजंटांची यादीही तिथेच. या मंजुरीबरोबर दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा येतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. व्हिजिट व्हिसावर कामाला गेलेला माणूस परातीवरून पडून मेला, तर त्याच्या बायकोला हे दहा लाख मिळत नाहीत.