तक्रार नाही, म्हणजे तंटा नाही?



गावात विहिरी किती, शाळेत मुली किती, हे मोजता येतं. पण गावात न्याय किती आहे, सरकारी कचेरी लोकांना किती उत्तर देते, हे कशानं मोजायचं? २०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघात जगातल्या देशांनी २०३० पर्यंत गाठायची १७ उद्दिष्टं मान्य केली. त्यातलं सोळावं उद्दिष्ट शांतता, न्याय आणि जबाबदार संस्था यांचं आहे. त्याआधी २००० सालानंतर जी आठ उद्दिष्टं होती, त्यांत दारिद्र्य होतं, शिक्षण होतं, बाळंतपणातले मृत्यू होते, न्याय नव्हता. म्हणून हे पाऊल मला महत्त्वाचं वाटतं. पण मापात पाप असलं की धान्य कितीही चांगलं असो, घेणारी फसतेच. तेव्हा माप आधी तपासू या.

महाराष्ट्राला हा प्रयोग नवा नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून आपल्याकडे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. गावोगाव समित्या झाल्या, तंट्यांच्या नोंदी झाल्या, मिटवलेल्या तंट्यांना गुण मिळाले आणि तंटामुक्त ठरलेल्या गावांना लोकसंख्येप्रमाणे लाखांची बक्षिसं मिळाली. मोहिमेचा हेतू वाईट नव्हता. बांधाचं भांडण, भावकीतली वाटणी यांपायी कोर्टाच्या चकरा मारून दोन्ही घरं धुऊन निघतात, हे आपण पाहतोच. असे वाद गावातच सुटले तर चांगलंच. काही ठिकाणी तर समितीनं घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांची लग्नं लावून दिली.

पण बांधाचं भांडण आणि बायकोला होणारी मारहाण एकाच वहीत कशी लिहायची? बांधाच्या भांडणात दोन्हीकडे जमीन असते, दोघांच्याही पाठीशी माणसं असतात. मारहाणीच्या ‘तंट्या’त एका बाजूला घर, जमीन, भावकी, आणि दुसऱ्या बाजूला लेकरू कडेवर घेऊन बाहेर पडलेली बाई. इथं ‘मिटवून टाका’ याचा अर्थ एकच असतो : ‘परत नांदायला जा.’ गंभीर गुन्हे समितीनं मिटवायचे नाहीत, असा नियम होता. पण मारहाण हा गुन्हा की ‘घरचा मामला’, हे बाई ठाण्यापर्यंत पोचायच्या आधीच ओट्यावर बसलेली माणसं ठरवतात. बाई परत गेली की तंटा मिटला आणि गुणही मिळाले. मार थांबला का, हे विचारायला वहीत रकाना नव्हता.

हीच चूक वरपर्यंत गेलेली दिसते. नीती आयोग २०१८ पासून या उद्दिष्टांवर राज्यांना गुण देतो. त्यात स्त्रियांवरचे नोंदलेले गुन्हे आणि भ्रष्टाचाराचे नोंदलेले गुन्हे जितके कमी, तितके गुण जास्त. म्हणजे ज्या राज्यात लाच मागितली तरी कुणी तक्रार करत नाही, ते राज्य स्वच्छ! आणि जिथं बाईला ठाण्यातून परत पाठवतात, तिथं बाई सुरक्षित!

आता दुसरा आकडा पाहा. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या बायकांना विचारलं, की तुम्ही कुणाची मदत मागितली का? शंभरातल्या फक्त १४ जणी ‘हो’ म्हणाल्या. ७७ जणींनी मदत तर मागितली नाहीच, पण कुणाला सांगितलंही नाही. हे ७७ जणींचं गप्प बसणं सरकारी कागदावर ‘शांतता’ म्हणून जमा होतं.

उलट उदाहरणही आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीची घटना घडली, देशभर मोर्चे निघाले, २०१३ साली कायदा बदलला, आणि बाईची फिर्याद लिहून न घेणारा पोलीस शिक्षेला पात्र ठरला. बलात्काराचे नोंदलेले गुन्हे २०१२ साली २४,९२३ होते, ते २०१३ साली ३३,७०७ झाले. एका वर्षात पुरुष तेवढे बिघडले का? मला तरी वाटतं, बायका बोलू लागल्या आणि लिहून घेणं भाग पडलं. आकडा वाढला, ही त्या वर्षी न्यायाच्या दिशेनं पडलेली एक पायरी होती.

आश्चर्य असं की जागतिक मापात हे शहाणपण आहे. सोळाव्या उद्दिष्टाचा एक निकष विचारतो, की गेल्या बारा महिन्यांत हिंसा सोसलेल्यांपैकी किती जणांनी ती अधिकाऱ्यांकडे नोंदवली? दुसरा विचारतो, सरकारी सेवेचा शेवटचा अनुभव समाधानाचा होता का? हे निकष तक्रार करणाऱ्या माणसाला त्रास समजत नाहीत. आपल्याकडे गुण देताना मात्र सोपे आकडे तेवढे उचलले गेले.

आमच्या अकलूजच्या परिसरात मोजणीचा आणखी एक प्रश्न दर हंगामात डोळ्यांसमोर असतो. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. माळशिरस तालुका उसाचा. तळावर कोप्या पडतात. या धंद्यात माणसं मोजायचं एकक आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात येते. बाई त्या कोयत्याचा अर्धा भाग, तिचा वेगळा हिशोब नाही. जिची मजुरीच मोजली जात नाही, तिच्यावरची जबरदस्ती कोण मोजणार? तिचं गाव म्हणतं ती इथं नाही, इथलं गाव म्हणतं ती आमची नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. एकेकीला विचारलं, तेव्हाच हे दिसलं.

आणि संस्थांचं काय? कायद्यानं महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यावी लागते. २०२१ साली अकलूज ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. गाव मोठं झालं, याचा आनंदच आहे. पण नगरपरिषद झाली की ग्रामसभा जाते, आणि तिच्याबरोबर बायकांची सभाही जाते. त्यातच आरक्षणाच्या कोर्टकज्ज्यात राज्यातल्या नगरपरिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक राहिले. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं. ज्या गटारीसाठी, ज्या दिव्यासाठी बाई सभेत उभी राहून विचारू शकत होती, त्यासाठी आता तिनं कुठं उभं राहायचं, हा निकष कुणाच्याच यादीत नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की माप आपणच हातात घेऊ या. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा म्हणतो, अर्ज दिल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि त्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. आपल्या तालुक्याच्या कोर्टात प्रत्यक्ष किती दिवस लागतात? संरक्षण अधिकारी कुठं बसतात, आणि तिथं जायला एसटीचं भाडं किती? आमच्यासाठी जिल्ह्याचं ठिकाण सोलापूर, म्हणजे शंभरावर किलोमीटर आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी. ठाण्यात गेलेल्या किती जणींची फिर्याद लिहून घेतली, किती जणींना परत पाठवलं? ‘समेट’ करून गेलेल्या किती जणी सहा महिन्यांत पुन्हा आल्या? यातली कचेऱ्यांकडची माहिती २००५ च्याच माहिती अधिकाराखाली अर्ज करून तीस दिवसांत मागता येते. बाकीची आपल्या बैठकीच्या वहीत, नावं न लिहिता, नोंदवता येते.

या अंकापासून पुढच्या अंकापर्यंत तीन महिने आहेत. प्रत्येक गटानं एवढे चारच प्रश्न घ्यावेत, आणि तळावरच्या ऊसतोड बायकांनाही त्यात धरावं. आलेले आकडे आपण पुढच्या अंकात तालुकावार छापू आणि त्याची प्रत तहसीलदार, पोलीस ठाणं आणि नगरपरिषदेला देऊ. तुमच्या वहीतला आकडा वाढलेला दिसला तर घाबरू नका. आधी हे पाहा, की तो कुणाच्या बोलण्यानं वाढला आहे.