मशीन आणलंत, आता जाळी कोण धुणार?

भांडी धुण्याच्या मशीनबद्दल आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: त्यात भांडी पाक होतात का? मला हा प्रश्न विचारणारे बहुतेक पुरुष असतात. ज्यांनी जन्मात एक पातेलं घासलं नाही, त्यांना पातेल्याच्या तहारतीची केवढी फिकीर!

उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं बोलता येईल. खरकटं आणि नापाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताटाला चिकटलेला हलाल रस्सा, भाताची शितं, तेलाची तर्री हा मळ आहे, नजासत नव्हे. शिवाय मशीन सगळी भांडी एकाच पाण्यात बुचकळून काढत नाही. वापरलेलं पाणी बाहेर टाकतं, नवं घेतं, पुन्हा विसळतं. कुणाला खरोखर नजासतीचा संशय असेल तर ते भांडं आधी नळाखाली तीनदा धुवावं आणि मशिदीतल्या मौलानांना विचारावं. बाकीच्यांनी हा मसला इथेच मिटवावा.

माझा प्रश्न वेगळा आहे. भांडी मशीन धुतं, पण मशीन कोण धुतं?

2020 च्या लॉकडाऊनमध्ये भांडीवाल्या बाया येऊ शकेनात, तेव्हा देशभर या मशीनची मागणी वाढली. आमच्या नवापूरला तर सुरत जवळ. रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, त्यामुळे तिकडून वस्तू आणणं नवं नाही. माझ्या ओळखीच्या काही घरांत मशीन आलं, आणि प्रत्येक घरात एकच वाक्य ऐकलं: "बायकोला मशीन घेऊन दिलं." घेऊन दिलं! म्हणजे भांडी तिचीच होती, जेवणारे बाकीचे पाहुणे. त्यानंतर तिने जरा हात लावा म्हटलं की उत्तर तयार: "मशीन आहे ना!"

मशीन आहे, पण लोखंडी तवा, कलईची देग, अॅल्युमिनियमचं पातेलं, लाकडी पळी त्यात घालायची नसते. अॅल्युमिनियम काळं पडतं, कलई जाते, तवा गंजतो. तो ढीग मोरीत राहतोच. त्यावर आता मशीनची देखभाल, म्हणजे आणखी एक काम, जे कुणाला दिसतही नाही. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, आणि करणाऱ्या पुरुषांचा 97. लक्षात घ्या, यात जे पुरुष घरकाम करतात तेवढेच मोजलेत.

"आम्हाला त्यातलं काही कळत नाही." हे मला पटत नाही. बाइकची चेन साफ करता, प्लग काढून फुंकता, कुलरची जाळी दर उन्हाळ्यात धुता. मग ही जाळी का जमत नाही? मशीनच्या तळाशी आहे, हाताने फिरवली की निघते. त्यात तेजपत्ता, वेलदोड्याची सालं, हाडाचे कण आणि थिजलेली चरबी सापडेल. कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश. तारेची घासणी नको, जाळी फाटते. आठवड्यातून एकदा पुरतं. निहारी-पाया झाला असेल तर दुसऱ्याच दिवशी. पाणी फवारणाऱ्या पंख्यांच्या भोकांत जिरं अडकतं, ते टूथपिकने काढायचं. दाराच्या रबराची खालची कड ओल्या फडक्याने पुसायची, तिथे मशीनचं पाणी पोचत नाही आणि वास तिथूनच सुटतो. महिन्यातून एकदा मशीन रिकामं ठेवून, मशीन साफ करायची पावडर घालून, सगळ्यात गरम प्रोग्रामवर चालवायचं. त्या पावडरीसोबत ब्लीच कधीही नको, विषारी वायू होऊ शकतो. आणि भांडी घासायचं नेहमीचं लिक्विड आत ओतू नका, फेसाने स्वयंपाकघर भरेल.

आता पाणी. आपला मुलूख काळ्या दगडाचा, बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच ग्लासांवर बसतो, मग "मशीन बेकार निघालं" अशी बोंब. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानलाय, आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलाय. मशीनमध्ये हा क्षार अडवणारे बारीक मणी असतात, आणि मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे होतात. त्यासाठी जाड दाण्याचं वेगळं मीठ मिळतं. खायचं बारीक मीठ घालू नका, ते गच्च बसतं. मीठ सांडलं तर लगेच मशीन चालवा, नाहीतर आतला पत्रा खराब होतो. माझ्या माहितीतल्या एका घरी मेकॅनिकची आठवडाभर वाट पाहिली. त्याने येऊन जाळी काढली, हाडाचा तुकडा दाखवला आणि पैसे घेऊन गेला. घरमालकाने बायकोला सुनावलं, "लक्ष ठेवायला नको?"

सुन्नतीवर आपल्याकडे तासन् तास बोललं जातं. दाढी किती, पायजमा घोट्याच्या किती वर, मिसवाक कुठल्या झाडाचा. हजरत आयेशांना कुणीतरी विचारलं होतं, पैगंबर घरात काय करायचे? त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असायचे, आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडायचे. ही हदीस बुखारीत आहे, म्हणजे कमजोर म्हणून उडवून लावायची सोयही नाही. जुम्माच्या बयानात ती मला कुणी सांगितल्याचं ऐकू आलेलं नाही.

कुणी म्हणेल, तो कमावतो, थकून येतो. आमच्या शाळेतल्या शिक्षिका, सरकारी दवाखान्यातल्या नर्स, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या खाला काय करतात? आणि भांडीवाल्या बाईवर ही जाळी ढकलायचाही विचार करू नका. मशीन आल्यावर तिचा पगार कमी करणारे मी पाहिलेत, त्याच पगारात तिला नवं काम कसं सांगता?

रमजानमध्ये इफ्तारची भांडी आणि सहेरीची भांडी यांच्यात जेमतेम काही तास असतात. तेव्हा जाळी तरावीहहून आल्यावर धुवायची. पाच मिनिटं लागतात. जुना टूथब्रश सिंकखाली, उजव्या हाताला ठेवलेला असतो. नसेल तर तुमचाच ठेवा.